राणीचा प्रवेश आणि राणीचा कारभार



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विषय भारदस्त हवा, असा आपल्याकडे एक संकेत आहे. मला मात्र आज सिनेमाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही बऱ्याचशा भडक, खर्चिक, सोनेरी मुलाम्याच्या सिनेमांबद्दल. ज्या सरांच्या नावाने ही माला चालते त्यांना इतिहास वर्गाबाहेर काढायची हौस होती. तेव्हा हा विषय त्यांनी खपवून घेतला असता, असं धरून सुरुवात करते.

इसवी सनापूर्वी २९ सालचा ऑगस्ट. रोममध्ये ऑक्टेव्हियनची विजययात्रा तीन दिवस चालली होती. तिसरा दिवस इजिप्तच्या विजयाचा. जिंकलेल्या राजाला साखळदंडांत बांधून लोकांपुढून चालवायचा तिथला रिवाज. पण इथे जिला चालवायचं होतं ती राणी आदल्याच वर्षी मेली होती, आणि तीही स्वतःच्या मर्जीने. मग तिची प्रतिमा करून मिरवली. मंचकावर पहुडलेली आणि अंगाला साप डसलेला. रोममधल्या ज्या हजारो लोकांनी क्लिओपात्राला कधी पाहिलं नव्हतं, त्यांना ती दिसली ती अशी. तिची हकीकत लिहिणारा प्लुटार्क सापाबद्दल स्वतः साशंक आहे. कुणी साप म्हणतं, कुणी पोकळ आकड्यात दडवलेलं विष म्हणतं, आणि खोलीत साप काही सापडला नाही, असंही तो नोंदवून ठेवतो. पण मिरवणुकीत साप होता. लोकांनी पाहिलं ते राहिलं.

सिनेमाचा शोध लागायला अजून एकोणीसशे वर्षं होती, तरी क्लिओपात्राच्या सिनेमाचा शेवटचा शॉट त्या दिवशी ठरून गेला. सिनेमाने प्राचीन राण्यांची प्रतिमा बिघडवली, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मला ती अर्धीच खरी वाटते. बिघडवायचं काम जेत्यांनी आधीच उरकलं होतं. सिनेमाने जे केलं ते जास्त खोलवर गेलं, असं माझं मत आहे. त्याने राणीचा प्रवेश तेवढा ठेवला आणि तिचा कारभार काढून टाकला. आज मी एवढंच मांडणार आहे. उदाहरण मुख्यतः क्लिओपात्राचं घेते, कारण तिच्याइतकी पडद्यावर दुसरी कोणतीच प्राचीन राणी आलेली नाही.

आधी तो कारभार काय होता ते पाहू. ही सातवी क्लिओपात्रा. अलेक्झांडरचा मॅसिडोनियन सेनापती टॉलेमी इजिप्तचा राजा झाला, त्याच्या वंशातली शेवटची राज्यकर्ती. ती इ.स.पूर्व ५१ मध्ये गादीवर आली तेव्हा वय अठरा, आणि सोबत सहराजा म्हणून दहा वर्षांचा भाऊ. वडिलांनी रोमन सावकारांची कर्जं करून ठेवलेली. नाईलला पूर कमी आलेली सालं. इ.स.पूर्व ५० च्या ऑक्टोबरातला एक हुकूम आजही उपलब्ध आहे. मध्य इजिप्तमधलं धान्य व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाखेरीज दुसरीकडे नेलं तर देहान्त शिक्षा. दुष्काळात राजधानी आधी जगवायची, हे त्यातलं धोरण. ते कठोर होतं, कदाचित अन्यायाचंही होतं. पण ते राज्यकर्त्याचं धोरण होतं. तिने चांदीच्या नाण्यातली चांदी घटवली आणि तांब्याच्या नाण्यांवर किमतीच्या खुणा पाडल्या. म्हणजे नाण्याची किंमत धातूच्या वजनावर नाही, सरकारच्या शब्दावर ठरू लागली. आपल्या घराण्यात रयतेची, म्हणजे इजिप्शियन, भाषा शिकलेली ती पहिलीच, असं प्लुटार्क सांगतो. त्याआधीची अडीचशे वर्षं टॉलेमी राजे ग्रीकच बोलत राहिले. याखेरीज हिब्रू, अरब, सीरियन, मीडियन, पार्थियन अशा अनेक लोकांशी ती दुभाष्याशिवाय बोलायची. रूपाबद्दल हाच प्लुटार्क म्हणतो की ते अगदी अतुलनीय वगैरे नव्हतं. ओढ होती ती तिच्या बोलण्यात आणि आवाजात. नाण्यांवर दिसते ती बाकदार नाकाची, पुढे आलेल्या हनुवटीची बाई. नाण्यावर तिने स्वतःला असं मुद्दाम उतरवून घेतलं असणार, कारण ते नाक तिच्या बापाचं होतं आणि गादीवरचा हक्कही बापाकडूनच आला होता.

आणि आता माझ्या फार आवडीचा कागद. बर्लिनमध्ये एक पपायरस आहे, इ.स.पूर्व ३३ मधला. ममीच्या वेष्टणासाठी जुनी रद्दी चिकटवायचे, त्या रद्दीतून तो सुटून आला. त्यात रोमन सेनापती अँटनीच्या गोटातल्या एका रोमन माणसाला करमाफी दिली आहे. तो सेनानी कॅनिडियस असावा, असं बऱ्याच जणांचं वाचन आहे. दरसाल १०,००० आर्ताबा गहू इजिप्तबाहेर न्यायचा आणि कॉस बेटावरच्या दारूचे ५,००० रांजण आत आणायचे, जकात नाही. मजकूर कारकुनाच्या हातचा आहे. त्याखाली वेगळ्या हातचा एकच ग्रीक शब्द आहे, ‘गिनेस्थोई’, म्हणजे ‘असे व्हावे’. तो शब्द खुद्द राणीने लिहिला असावा असं काही अभ्यासक मानतात. कारकुनाने लिहावं आणि धन्याने खाली स्वहस्ते मंजुरी द्यावी, ही रीत आपल्या दप्तरांत वावरलेल्यांना नवी नाही. अँटनीच्या माणसांना आपल्या बाजूला बांधून ठेवायला ती काय करत होती, ते या कागदात दिसतं. ती जकात माफ करत होती.

आता सिनेमाकडे वळते.

पडद्यावरच्या क्लिओपात्राचे तीन प्रवेश ठरलेले आहेत. गालिचातून, जहाजातून आणि रोमच्या वेशीतून. पहिला घ्या. इ.स.पूर्व ४८. भावाच्या कारभाऱ्यांनी तिला हाकलून दिलेलं आहे, सीझर अलेक्झांड्रियाच्या राजवाड्यात उतरला आहे, आणि वाटेवर भावाच्या चौक्या आहेत. सिसिलीचा अपोलोडोरस नावाचा विश्वासू माणूस संध्याकाळी लहानशा होडीतून येतो. राणी वळकटीच्या लांब पिशवीत आडवी होते, तो दोरीने बांधतो आणि खांद्यावर टाकून सीझरकडे नेतो. प्लुटार्कमध्ये गालिचा नाही, अंथरूण बांधायची पिशवी आहे. गालिचा मागून आला. फ्रेंच चित्रकार जेरोमच्या १८६६ च्या चित्रात तो पायाशी लोळताना दिसतो, राणी अर्धवस्त्र आणि सीझर मेजावरून मान वर करून बघतो आहे. १९३४, १९४५, १९६३, तिन्ही मोठ्या चित्रपटांत गालिचाच आहे. फरक सामानाचा असता तर मी बोललेही नसते. पण पिशवीतून आत शिरणं ही वेढा फोडण्याची युक्ती आहे. आग्र्याहून सुटका शिकवताना आपण पेटारे किती रंगवून सांगतो! त्यात कुणाला शृंगार दिसत नाही. गालिचा उलगडला की मात्र युक्तीचा नजराणा होतो. राजकारण करायला आलेली बाई भेटवस्तू होऊन बाहेर पडते.

दुसरा प्रवेश तार्ससचा, इ.स.पूर्व ४१. अँटनीने तिला जाब द्यायला बोलावलं, आणि ती जांभळ्या शिडांच्या जहाजातून आली. हे वर्णन प्लुटार्कचंच आहे. अमियोने ते फ्रेंचमध्ये नेलं, त्यावरून नॉर्थने इंग्रजीत, आणि नॉर्थवरून शेक्सपिअरने आपल्या नाटकात. शेक्सपिअरनंतर तर त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ते जहाज आपल्या रंगभूमीपर्यंत येऊन पोचलं. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी याच नाटकाचं मराठी रूपांतर केलं आणि नाव दिलं ‘वीरमणी आणि शृंगारसुंदरी’. पुरुषाकडे वीर्य आणि बाईकडे शृंगार, वाटणी मुखपृष्ठावरच झाली! सेसिल बी. डिमिलने १९३४ मध्ये त्या जहाजावर जो देखावा उभा केला तो मला आजही थक्क करतो. अँटनी ताठ चेहऱ्याने येतो, पडद्यामागून पडदे उघडत जातात, नर्तकी, जाळ्यांतून वर येणाऱ्या मुली, आणि शेवटी वल्ह्यांच्या तालावर सगळं झाकून जातं. शुद्ध चित्रपटीय करामत. त्याला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं ते योग्यच. फक्त त्या जहाजावर बोलणी काय झाली, ते कुणालाच ऐकू येत नाही. अँटनीच्या पार्थियावरच्या मोहिमेला पैसा कोण देणार, बदल्यात कुठले प्रदेश मिळणार, तिची प्रतिस्पर्धी बहीण आर्सिनोई जिवंत राहणार की नाही. ती राहिली नाही. अँटनीने तिला मारवलं, क्लिओपात्राच्या सांगण्यावरून. तेव्हा माझ्या नायिकेला मी साध्वी ठरवते आहे, असं कुणी समजू नये. राज्यकर्ती म्हणून जे क्रौर्य तिच्या खात्यावर आहे तेही मला तिच्या खात्यावरच हवं आहे.

तिसरा प्रवेश निखालस काल्पनिक. ती इ.स.पूर्व ४६ मध्ये रोमला आली हे खरं, टायबर नदीपलीकडच्या सीझरच्या बागेत राहिली हेही खरं. सिसेरोला ती अजिबात आवडली नाही. तिच्या माणसांनी ग्रंथांसंबंधी काही कबूल केलं आणि पाळलं नाही, याचा राग त्याच्या पत्रात आहे. एका राणीचा राग येण्याचं किती वेगळं कारण! पण काळ्या दगडाच्या प्रचंड स्फिंक्सवर बसून फोरममध्ये येणारी राणी ही १९६३ ची निर्मिती. मागे कॉन्स्टंटाइनच्या कमानीसारखी कमान आहे. ती कमान बांधायला अजून साडेतीनशे वर्षं होती. सांगतात की त्या गर्दीच्या दृश्यात रोमच्या हौशी एक्स्ट्रांनी राणीऐवजी ‘लिझ, लिझ’ असाच पुकारा केला.

त्या नटीकडे, एलिझाबेथ टेलरकडे, येतेच. त्याआधीच्या नट्यांचा हिशेब भरभर उरकते. १९१२ मध्ये हेलन गार्डनर या अमेरिकन अभिनेत्रीने स्वतःची कंपनी काढून ‘क्लिओपात्रा’ केला. पडद्यावरच्या राणीमागे निर्माती बाई होती, हे त्या काळात लक्षणीय. १९१७ मध्ये थीडा बारा आली. ती सिनसिनाटीची थिओडोशिया गुडमन. फॉक्स कंपनीने मात्र तिचा जन्म स्फिंक्सच्या सावलीत झाल्याच्या कंड्या पिकवल्या. तो चित्रपट १९३७ च्या आगीत गेला. आज त्याचे काही क्षण आणि पुष्कळशी छायाचित्रं उरली आहेत, आणि छायाचित्रांत सर्वत्र सापांच्या आकाराची चोळी. मिरवणुकीतला तो साप आता कपड्यांवर चढला होता. मग डिमिलची क्लॉडेट कोलबेर, खट्याळ, हजरजबाबी, न्यूयॉर्कची वाटावी अशी.

१९४५ ची व्हिव्हियन ली मला फार खटकते, आणि खटकण्याचं कारण बर्नार्ड शॉ आहे. चित्रपट गॅब्रिएल पास्कलचा, पण नाटक शॉचं. त्याने एकवीस वर्षांच्या राणीला सोळा वर्षांची अल्लड पोरगी केलं आणि सीझरला तिचा मास्तर. राज्य कसं करावं ते प्रौढ, संयमी, थोडा थकलेला रोमन माणूस तिला शिकवतो. तीन वर्षं राज्य करून, हद्दपार होऊन, सरहद्दीवर स्वतःचं सैन्य उभं केलेल्या बाईला! हा चित्रपट झाला तेव्हा ब्रिटिश फौजा इजिप्तमध्येच होत्या. पूर्वेकडच्या अजाण देशाला शहाणपण शिकवणारा पश्चिमेचा वडीलधारा, ही भूमिका लंडनच्या प्रेक्षकांना अनोळखी नव्हती. शॉ विनोदी लेखक म्हणून थोर. इथे त्याचा विनोद सत्तेच्या बाजूने हसतो.

आता एलिझाबेथ टेलर. दहा लाख डॉलरचा करार, त्या काळात न ऐकलेला. लंडनजवळ पाइनवुडला सेट उभे राहिले, टेलर मरणाच्या दारात जाऊन आली, गळ्याला छेद देऊन तिचा श्वास चालू ठेवावा लागला. दिग्दर्शक बदलला, रूबेन मॅमूलियनच्या जागी जोसेफ मॅन्कीविच आला. सगळं बाडबिस्तार रोमला हललं, लंडनचे सेट मागे पडले. (पुढे त्यांच्यावर ‘कॅरी ऑन क्लिओ’ ही विनोदी फिल्म निघाली. वाया काही गेलं नाही.) खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला, आणि फॉक्सला लॉस एंजेलिसमधली आपली जमीन विकावी लागली. १२ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कला दाखवलेली प्रत चार तासांहून मोठी होती. त्या वर्षी सगळ्यांत जास्त तिकिटं याच चित्रपटाची गेली, तरी खर्च काही लगेच निघाला नाही.

या चित्रपटाला मी नावं ठेवते तशी दादही देते. पूर्वार्धात सीझरपुढे राणीबद्दलचा अहवाल वाचला जातो. त्यात तिच्या भाषा येतात, शास्त्रं येतात, आणि बाई नसती तर तिला विद्वान म्हणता आलं असतं अशा अर्थाचा टोमणा येतो. ग्रंथालयाला आग लागली म्हणून ती सीझरवर तुटून पडते. अलेक्झांडरच्या अखंड जगाचं स्वप्न तीच त्याच्यापुढे ठेवते. मॅन्कीविचला तीन-तीन तासांचे दोन चित्रपट करायचे होते. स्टुडिओने एकच केला, आणि कात्री चालली. उत्तरार्धात तो अहवाल सगळे विसरतात. मग उरतात दारूचे पेले, भांडणं, समेट, आणि अ‍ॅक्टियमच्या समुद्रावर प्रियकर मेला असं समजून जहाजं वळवणारी बाई. खऱ्या अ‍ॅक्टियमला, इ.स.पूर्व ३१ च्या सप्टेंबरात, प्लुटार्कच्या हिशेबाने साठ जहाजं तिची होती. युद्धाचा खजिना तिच्या ताफ्यात होता. कोंडी फोडून खजिन्यासह निसटणं हा आधी ठरलेला बेत होता, असं आज पुष्कळ इतिहासकार मानतात. पडद्यावर तो हृदयभंग होतो.

पण या चित्रपटातली सर्वांत विलक्षण गोष्ट पडद्याबाहेर घडली. टेलर आणि तिचा अँटनी झालेला बर्टन, दोघंही विवाहित, रोममध्ये चित्रीकरण चालू असताना प्रेमात पडले. छायाचित्रकारांची झुंड मागे लागली. १९६२ मध्ये व्हॅटिकनच्या साप्ताहिकाने टेलरच्या वर्तनावर जाहीर पत्र छापून आगपाखड केली. आता जरा मागे जा. परकी, धनवान बाई रोममध्ये येते, दुसऱ्या बाईचा नवरा पळवते, रोमच्या सभ्यतेला धोका होतो. ऑक्टेव्हियनचं म्हणणं साधारण हेच होतं. अँटनीची बायको ऑक्टेव्हिया ही त्याची सख्खी बहीण. अँटनीवर युद्ध पुकारलं असतं तर ते यादवी युद्ध ठरलं असतं, आणि यादवीला रोम कंटाळला होता. म्हणून इ.स.पूर्व ३२ मध्ये युद्ध जाहीर झालं ते फक्त क्लिओपात्राशी. राजकीय भांडणाला चारित्र्याचं भांडण केलं की लोक लवकर बाजू घेतात, हे त्याला कळलं होतं. एकोणीसशे त्र्याण्णव वर्षांनी त्याच शहरात वर्तमानपत्रांनी तेच कथानक नटीवर चढवलं, आणि लोक चित्रपटगृहात गेले ते क्लिओपात्रा बघायला नाही, टेलर-बर्टन बघायला.

इजिप्तची आठवण वेगळी होती का? होती, आणि पश्चिमेला तिची फारशी दखल नाही. सातव्या शतकातला निकिऊचा ख्रिस्ती बिशप जॉन तिचं वर्णन बांधकामं करणारी थोर, शहाणी राणी म्हणून करतो. दहाव्या शतकातला अरब इतिहासकार अल-मसूदी तिला विदुषी म्हणतो, वैद्यकावर लिहिणारी, विद्वानांना जवळ करणारी. या मंडळींचा तपशील नेहमी भरवशाचा नसतो, पण त्यांना जे लक्षात ठेवावंसं वाटलं ते बघा. विसाव्या शतकात कवी अहमद शौकीने तिच्यावर अरबी पद्यनाटक लिहिलं आणि तिला देशाभिमानी इजिप्शियन राणी केलं. तीही अतिशयोक्तीच, कारण वंशाने ती मॅसिडोनियन. पण इंग्रजांच्या अमलाखालच्या देशाला ती हवी होती.

म्हणजे प्रत्येक काळाने तिला आपल्या गरजेचे कपडे घातले. याचं अगदी ताजं उदाहरण २०२३ चं. नेटफ्लिक्सच्या माहितीपट-मालिकेत अडेल जेम्स या कृष्णवर्णीय ब्रिटिश अभिनेत्रीने क्लिओपात्रा केली आणि इजिप्तमध्ये गदारोळ उठला. सरकारी पुरातत्त्व खात्याने पत्रक काढून राणी गौर वर्णाची, ग्रीक चेहऱ्यामोहऱ्याची होती असं जाहीर केलं. तिच्या आईबद्दल आणि आजीबद्दल पुरावा तुटपुंजा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना बोलायला भरपूर जागा मिळाली. ज्या अमेरिकन प्रेक्षकांनी शंभर वर्षं गोऱ्या नट्या बघितल्या त्यांच्यातल्या कृष्णवर्णीयांना राणी आपली वाटावी, हे मी समजू शकते. ज्या देशाचा इतिहास सतत बाहेरच्यांनी चित्रित केला त्यांचा संतापही समजू शकते. पण आठवडेच्या आठवडे भांडण चाललं ते कातडीवर. त्या गदारोळात धान्याचा हुकूम, नाणी, जकात यांतलं काही माझ्या कानावर आलं नाही. १८६६ च्या चित्रातला सीझर तिचं अंगच बघत होता. दीडशे वर्षांनी आपण सगळेच तेच बघत होतो, फक्त वेगळ्या कारणासाठी.

दुसरी एक राणी थोडक्यात सांगते, कारण तिच्यावरचा अन्याय मला जास्त लागतो. हॅलिकार्नासस, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं बोद्रुम, इथली राणी आर्टेमिसिया. तिचा गाववाला हिरोडोटस तिच्याबद्दल अभिमानाने लिहितो. नवरा वारला, मुलगा होता, तरी ती स्वतः पाच जहाजं घेऊन पर्शियाच्या झर्क्सीसबरोबर ग्रीसच्या मोहिमेवर गेली. इ.स.पूर्व ४८० मध्ये सॅलॅमिसच्या लढाईआधी झर्क्सीसने सगळ्या नायकांचं मत विचारलं. बाकीचे म्हणाले, लढा. ती एकटी म्हणाली की समुद्रावर लढू नका, घाई करू नका, शत्रू आपसूक फुटेल. राजाने तिचं कौतुक केलं आणि ऐकलं बहुमताचं. पराभव झाला. कोंडीत सापडल्यावर तिने आपल्याच बाजूचं एक जहाज धडक देऊन बुडवलं, पाठलाग करणाऱ्याला ती आपली वाटली, आणि ती निसटली. अथेन्सकरांनी तिला जिवंत पकडणाऱ्याला दहा हजार ड्रॅक्मांचं बक्षीस लावलं होतं, कारण बाईने आपल्यावर चालून यावं हे त्यांना सोसवत नव्हतं. पुढे झर्क्सीसने आपली मुलं एफेससला सुखरूप पोचवायला तिच्याच स्वाधीन केली.

२०१४ च्या ‘थ्री हंड्रेड: राइज ऑफ अ‍ॅन एम्पायर’ मध्ये ईव्हा ग्रीनने ही भूमिका केली. त्यात आर्टेमिसिया ग्रीकांच्या अत्याचारांतून वाचलेली अनाथ मुलगी आहे, सूडाने पेटलेली, सबंध आरमाराची सेनापती. शत्रूच्या सेनापतीशी ती शय्यासोबत करते, आणि त्याच्याच तलवारीने मरते. लढाई नको असा सल्ला देणारी एकमेव व्यक्ती लढाईसाठी सर्वांत उतावीळ झाली! ईव्हा ग्रीनने त्यात जी जरब आणली आहे ती बघण्यासारखी आहे, पण लिहिणाऱ्याला एक गोष्ट सुचलीच नाही. त्याच्या हिशेबात बाई सेनापती आहे, तर तिला आधी जखम हवी, किंवा प्रेम हवं. थंड डोक्याने, हिशेब करून, पिढीजात राज्य सांभाळायला म्हणून कुणी बाई युद्धावर जाईल हे पटकथेत बसत नाही. पुरुष राजांच्या सिनेमातही करआकारणी नसते हे मान्य. पण त्यांना निदान नकाशावर वाकून बोट तरी ठेवता येतं. पाल्मिराच्या राणी झेनोबियाने इ.स. २७० मध्ये रोमकडून इजिप्त हिसकावून घेतला. १९५९ च्या इटालियन चित्रपटात अनिता एकबर्ग ही झेनोबिया होते आणि रोमन अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. जास्त काही सांगायची गरज नाही.

आपल्या इकडे काय? लेख टंडन यांचा १९६६ चा ‘आम्रपाली’ घ्या. वैजयंतीमालेचे त्यातले कपडे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केले, अजिंठ्याची चित्रं बारकाईने अभ्यासून. काम इतकं अस्सल की प्राचीन भारतीय स्त्री म्हटलं की सिनेमावाल्यांच्या डोळ्यांपुढे पुढे तेच आलं. आता अजिंठ्याची ती चित्रं पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली, आणि आम्रपाली बुद्धाची समकालीन. मधे जवळजवळ हजार वर्षं. टेलरला घातलेले फॅरोकालीन मुकुट आणि क्लिओपात्राचा ग्रीक दरबार यांतला घोळ हाच. पण कपड्यांपेक्षा मला दुसरं खुपतं. थेरीगाथेत आम्रपालीच्या नावावर ज्या गाथा आहेत त्या म्हातारपणाच्या आहेत. केस, डोळे, दात, आवाज, एकेक घेऊन ती स्वतःच्या जीर्ण शरीराकडे पाहते. वैशालीच्या त्या श्रीमंत, वजनदार गणिकेचा स्वतःचा म्हणून आवाज आपल्याकडे आला तो हा. सिनेमाने राजाशी प्रेम घेतलं, बुद्धाला शरण जाणं घेतलं, म्हातारपण सोडून दिलं. ते परवडणारं नव्हतं.

आणि वाकाटकांचं नाव निघालंच आहे तर प्रभावतीगुप्ता. चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी, दुसऱ्या रुद्रसेनाची राणी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि विदर्भाचं राज्य तिने स्वतः चालवलं. नंदिवर्धनहून दिलेला तिचा दानपत्राचा ताम्रपट आज पुणे ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात वंशावळ येते ती सासरची नाही. सुरुवात होते गुप्तांपासून, बापाच्या घराण्यापासून, आणि गोत्रही ती माहेरचंच सांगते. मुलाच्या नावाने राज्य करणारी विधवा स्वतःचं वजन कुठून येतं ते तांब्यावर कोरून ठेवते. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र संपादून काढले ते १९६३ मध्ये. होय, टेलरच्याच वर्षी. ते लेख हाताशी आले, त्याला साठ वर्षं उलटली. समजा उद्या कुणी प्रभावतीवर चित्रपट काढला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय होईल ते मी आत्ताच सांगते. रामटेकला पाऊस पडेल, ढग येतील, आणि कालिदास येईल. तो आला की ताम्रपट गेला.

वेळ संपत आली आहे, आणि खाली गेल्यावर नेहमी विचारला जाणारा प्रश्न आधीच घेते. मग बघायचं काय? १९६३ चा चित्रपट मोठ्या पडद्यावर मिळाला तर जरूर बघा, मध्यंतरापर्यंतचा भाग मन लावून. डिमिलचं जहाज बघा. मुलांना अ‍ॅस्टेरिक्सचा क्लिओपात्रावरचा फ्रेंच चित्रपट दाखवा. त्यात तिच्या नाकाची यथेच्छ थट्टा आहे, पण सगळी गोष्ट एका इमारतीच्या कंत्राटावर चालते. मुदत तीन महिने, नाही जमलं तर वास्तुविशारद मगरींपुढे. सगळ्या क्लिओपात्रांमध्ये कामाची मुदत घालून देणारी मला आठवते ती हीच, आणि ती विनोदी सिनेमात आहे. आणि सुट्टीत जुन्नरच्या बाजूने नाणेघाटात गेलात तर तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली, सगळा जमाखर्च भिंतीवर आहे. समोरच्या भिंतीशी राजघराण्याचे पुतळे होते, त्यांची आता पावलं तेवढी उरली आहेत आणि वर नावं. विजेरी घेऊन जा, आत उजेड कमी असतो.

प्रश्न असतील तर घेते.